गावाने न ओळखलेला सहलप्रमुख

“बसप्पाला पोरगंच न्हवतं!” असे तुम्ही तुरीच्या शेतातून ओरडलात, मागे वळून न पाहता, आणि बांधावरून उडी मारलीत. मी तुमच्या मागे वीस पावलांवर होतो. माझ्या मागे हवालदार जोतीराम होते. ते धावता धावता थांबले, खिशातून वही काढली आणि तुम्ही ओरडलेले वाक्य त्यांनी लिहून घेतले. (पेन्सिलीला टोक नव्हते. ते त्यांनी दातांनी काढले. तेवढा वेळ मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो, नाहीतर तुम्हाला गाठले असते.) वाक्य मराठीत होते. आपण घरात एकमेकांशी कन्नडात बोलतो. तेव्हा ते माझ्यासाठी नव्हते, हवालदारांसाठी होते, हे मला कळले. पण बसप्पा म्हणजे माझे वडील, तुमचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांना मुलगा नव्हता हे सरकारी वहीत एकदा गेले की ते पुसायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल, आणि त्या जन्माचाही दाखला मागतील.

दोड्डप्पा, शरणु शरणार्थी. हे सर्वांत वर लिहायचे असते, त्याच्याही वर गावाचे नाव आणि तारीख. तर सोलापूर, रविवार, ता. २१ नोव्हेंबर १९७६, दुपारचे साडेतीन. पॅंटीला अजून तुमच्या शेतातली माती आहे. उडी मारताना तुमच्या पायाला लागले नाही ना? तुम्हाला अडुसष्टावे लागले आहे. त्या वयात असा बांध ओलांडणे बरे नव्हे. मी एकोणचाळीस वर्षांचा, मला तो ओलांडता आला नाही. दोड्डव्वाचा गुडघा कसा आहे? (तिला सकाळी मी पाहिले. ती कडब्याच्या गंजीमागे होती. गुडघा बरा असावा, कारण मी रस्त्यावरून हाक मारली तेव्हा ती ओट्यावर होती आणि हाक पुरी होईपर्यंत गंजीमागे.) इकडे सावित्रम्मा आणि तिन्ही मुले खुशाल आहेत. पत्र तुम्ही मोठ्याने वाचता हे मला माहीत आहे. ‘तिन्ही मुले’ हे शब्द हळू वाचा.

तुम्हाला यातले अर्धेच माहीत असणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमच्या कॉलेजातर्फे भूगोलाच्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल श्रीलंकेला जाणार आहे. विद्यापीठाने मान्यता दिली, प्राचार्यांनी सही केली, आणि मला सहलप्रमुख नेमले. नऊ मुले, दोन मुली, दिवस बारा. निघायचे वीस डिसेंबरला. इथून रेल्वेने मद्रास, मद्रासहून रामेश्वर, रामेश्वरहून बोट. तिथे चहाचे मळे पाहायचे, बंदर पाहायचे, वाऱ्यांच्या नोंदी करायच्या आणि परत येऊन साठ पानांचा अहवाल लिहायचा. हे ऐकायला फार सोपे आहे. मलाही जुलै महिन्यात सोपे वाटले होते. तेव्हापासून माझे वजन सहा किलो उतरले आहे, आणि अजून आम्ही सोलापूरच्या स्टेशनावरसुद्धा पोहोचलेलो नाही.

पहिल्यांदा फोटो आले. पासपोर्टच्या फोटोत कोट हवा असे मला कोणीतरी सांगितले. (आता कळते की नको असतो.) नवी पेठेतल्या फोटोग्राफरकडे एकच कोट आहे. तो कोणा भरल्या अंगाच्या माणसासाठी शिवलेला, त्यामुळे पाठीमागे चिमटे लावून आवळावा लागतो. नऊही मुलांनी तो घातला, त्यावर तोच टाय लावला, आणि चिमटा टोचतो म्हणून नऊही जणांच्या चेहऱ्यावर तीच वेदना आली. दहावा फोटो माझा. प्राचार्यांनी सगळे फोटो ओळीने मांडून पाहिले आणि विचारले, हे सगळे एकाच घरचे आहेत का? मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा पाहिले. त्यांचा विश्वास बसला नाही.

मग मुलांना परदेशाची सवय व्हावी म्हणून मी आवारात बोटीची तालीम घेतली. वर्गातली बाके ओळीने मांडली, ती बोट. लिंबाखाली टेबल, तो लंकेचा किनारा. टेबलामागे आमचा शिपाई कल्लप्पा याला बसवला, हातात ग्रंथालयाचा शिक्का दिला आणि सांगितले की तू लंकेचा अधिकारी आहेस, एकेकाला प्रश्न विचार आणि शिक्का मारून आत सोड. यात माझी चूक अशी झाली की कल्लप्पा अकरा वर्षे कॉलेजच्या दारावर उभा आहे आणि कोणाला आत सोडायचे नाही एवढेच त्याला आजवर सांगितलेले आहे.

“कुटं निगाला? कशापायी? बापाची चिट्टी हाय का?” तो विचारू लागला.

पहिल्या चौघांना त्याने परत पाठवले. पाचवा चन्नवीर. तो वाद घालणारा मुलगा आहे. “कल्लप्पा, मी रोज तुज्यासमोरनं जातो की!”

“रोज जातूस म्हनून तर म्हनतो. आज तरी वर्गात बस.”

तासभर तालीम चालली. कल्लप्पाने एकालाही लंकेत घेतले नाही. मला तर त्याने टेबलाजवळही येऊ दिले नाही. म्हणाला, सर, तुमी लायनीत न्हाय. शेवटी घंटेची वेळ झाली, तो शिक्का खिशात घालून घंटा द्यायला गेला आणि लंका बंद झाली.

मुलींपैकी एकीचे नाव विजयमाला. वर्गात पहिली. वडील रावजी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आहेत. त्यांच्या घरी मी चारदा गेलो. रावजी तयार होते. त्यांची आई सोजरबाई तयार नव्हत्या. मी त्यांना नकाशा काढून दाखवला, अंतर केवढे ते बोटाने मोजून दाखवले, बोट रोज ये-जा करते हेही सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “मास्तर, जायाची न्हाय मला चिंता. लंकेतनं आलेल्या बाईला घरात घ्यायच्या आदी काय काय करत्यात, त्याची हाय.” यावर भूगोलात उत्तर नाही. मी पाणी पिऊन परत आलो. चौथ्या खेपेला रावजींनी अट घातली: “तुमी सोता जानार असला तरच पोरगी यील. न्हायतर न्हाय.” मी शब्द दिला. मी सहलप्रमुख, मी जाणार नाही तर कोण जाणार, असे तेव्हा मला वाटले.

(मधे उठून दारापर्यंत जाऊन आलो. सहाच्या एस.टी.ला अजून दोन तास आहेत. हे पत्र मी त्या गाडीच्या कंडक्टरकडे देणार आहे. टपालात टाकले तर तुम्हाला बुधवारी मिळेल, आणि बुधवारी त्याचा काही उपयोग नाही.)

नंतर सुई आली. बोटीने जायचे तर कॉलरा टोचून घेतल्याचे पिवळे पुस्तक लागते. मी सर्व पालकांना एक छापील पत्रक पाठवले: आपल्या पाल्यास सरकारी दवाखान्यात नेण्यात येईल, त्यास सुई टोचण्यात येईल, दाखला देण्यात येईल, आपण संमतीची सही करावी. पत्रक मी स्वतः लिहिले होते, आणि ते मला चांगले उतरले असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चन्नवीरचे वडील माझ्या दारात उभे. हातात काठी नव्हती, पण ते काठी घरी विसरून आलेल्या माणसासारखे दिसत होते.

“सर, पोरगं एकुलतं हाय. लगीन व्हायचंय त्येचं. लंकेला जायाला ह्ये कशाला लागतंय?”

मी सांगितले की कॉलऱ्याची सुई आहे, दंडात टोचतात, दोन दिवस ताप येतो.

“दंडात म्हंता. आमच्या मामास्नी बी दंडातच म्हनले हुते.”

त्या सकाळी मला सगळे कळायला हवे होते. सध्या गावोगाव कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचे कॅम्प लागले आहेत. प्रत्येक खात्याला माणसे आणून द्यायचा आकडा ठरवून दिला आहे. पोलिसांना आहे, तलाठ्याला आहे, शाळामास्तरांनाही आहे. (याहून जास्त पत्रात लिहीत नाही. पत्रे फोडतात म्हणतात.) अशा दिवसांत सरकारी शिक्क्याचा कागद घेऊन कोणी गावात गेले तर गाव काय करील, हे भूगोलाच्या मास्तराच्या नाही तरी इतर कोणाच्याही लक्षात आले असते. माझ्या आले नाही. मी चन्नवीरच्या वडिलांना चहा दिला, मुलांना टोचून आणले, अकराही जणांना ताप आला, तो उतरला, आणि मी निश्चिंत झालो.

अकरा मुलांचे पासपोर्ट आले. माझा आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की मुलांची चौकशी सोलापुरातल्या पत्त्यावर झाली, माझ्या अर्जात मूळ गाव म्हणून आपले गाव लिहिले होते, म्हणून कागद तालुक्याच्या ठाण्यात गेला आणि तिथून हवालदार जोतीरामांच्या हाती. ते मंगळवारी सायकलवरून आपल्या गावात आले होते. हा माणूस मनाने चांगला आहे. केमकडचा, म्हणजे निव्वळ मराठी मुलखातला आहे, आपल्या भागात नवीन आहे. त्याने पारावर उभे राहून अर्जातली माहिती मोठ्याने वाचली: शिवयोगी बसप्पा बिराजदार, वय एकोणचाळीस, मुले तीन, याला कोण ओळखतो?

खाकी कपड्यातला माणूस, हातात कागद, आणि प्रश्न नाव, वय, मुले किती. आपल्या गावात निम्मी घरे बिराजदारांची आहेत. त्या दिवशी पारावर एकही बिराजदार निघाला नाही. जोतीरामांनी मग तुमच्या ओट्यावर येऊन तुम्हाला सात प्रश्न विचारले. सातांनाही तुम्ही ‘गोत्तिल्ला’ म्हणालात, माहीत नाही. जोतीरामांना कन्नडाचा गंध नाही; पण सातव्या प्रश्नापर्यंत तो शब्द त्यांना पाठ झाला. आता ते तो घरी बायकोला वापरतात. त्यांच्या कागदावर शेरा पडला: सदर इसम मूळ गावी कोणासही माहीत नाही.

दोड्डप्पा, मला राग नाही. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तुम्ही मला बोट धरून सोलापूरच्या वसतिगृहात आणून सोडलेत, आणि जाताना अधीक्षकांना म्हणालात की हा माझा थोरला मुलगा आहे. ते खोटे होते. मंगळवारचेही खोटेच. दोन्ही वेळा तुम्हाला मला सांभाळायचे होते. पण पहिले खोटे कोणी लिहून घेतले नव्हते.

जोतीराम शुक्रवारी माझ्या घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, “सर, मला तुमी दिसताय. पर कागदाला दिसत न्हाय.” त्यांनीच तोड काढली. रविवारी सुटी आहे, दोघे मिळून गावात जाऊ, लोकांनी तुम्हाला समोर पाहिले की ओळखतील. मला हे पटले. मी स्वच्छ पांढरा शर्ट घातला, बूट घातले, सहलीसाठी घेतलेली कापडी टोपी डोक्यावर ठेवली आणि काखेत कागदांची फाईल धरली. लोकांवर छाप पडावी असा हेतू होता. ती पडली.

वळसंगला साडेनऊला उतरलो. तिथून आपले गाव तीन मैल, चालत. आमच्याच गाडीतून एक नर्सबाई उतरल्या, सारजाबाई म्हणून, पुढच्या वाडीला लहान मुलांना देवी टोचायला निघालेल्या. पांढरे पातळ, हातात पेटी. त्यांना एकटीने चालायची भीती वाटत होती, आणि हवालदार बरोबर आहेत म्हटल्यावर त्या आमच्या मागून चालू लागल्या. तेव्हा पुढे पोलीस, मध्ये फाईलवाला, मागे नर्स. त्या क्रमाने आम्ही आपल्या गावाच्या वेशीतून आत शिरलो.

गावात माणूस नव्हता. मी असे गाव कधी पाहिले नाही. एका घराच्या अंगणात पाण्याची घागर आडवी पडून गडगडत होती, म्हणजे कोणीतरी आत्ताच टाकलेली. चुली पेटलेल्या होत्या. मारुतीच्या देवळासमोर एक वस्तरा, साबणाची वाटी, आणि अर्धी दाढी झालेला माणूस बसला असावा असा रिकामा पाट. (तो अजून अर्ध्या दाढीने कुठेतरी बसला असेल तर त्याला परत यायला सांगा.) गंजीमागे गेलेली दोड्डव्वा सोडली तर फक्त बजाबाई होती, कारण तिला पळता येत नाही. ती चुलीपुढे भाकऱ्या करत होती. शेजारी टोपल्यात भाकऱ्यांची चळत.

“बजाबाई, मी शिवयोगी,” मी म्हणालो.

“शिवयोगी शाळंला गेलाय.”

“आता मास्तर झालोय की मी.”

“मंग त्यो न्हवंस तू. त्यो लई बारीक हुता.”

जोतीरामांनी विचारले, “म्हातारे, गडीमानसं कुटं हायती?”

“गडीमानूस एक बी न्हाय हितं. समदे मेले.”

“मंग ह्या भाकऱ्या कुनासाटी?”

“कुत्र्यास्नी.”

“सतरा भाकऱ्या?”

“लई कुत्री हायती,” बजाबाई म्हणाली आणि अठरावी थापायला घेतली.

तेवढ्यात मला तुमचा गुलाबी पटका दिसला. तूर उंच झाली आहे, फुलावर आहे, पिवळ्या फुलांत गुलाबी पटका लपत नाही. मी हाक मारली. पटका हलू लागला. पुढचे मी सुरुवातीलाच लिहिले आहे. लिहायचे राहिले ते एवढेच की मी पळता पळता कन्नडात ओरडत होतो की दोड्डप्पा, मी ऑपरेशनसाठी आलो नाही, मी लंकेला चाललो आहे. हे वाक्य मी आता कागदावर पाहतो तेव्हा मलाही वाटते की हे ऐकून कोणीही वेग वाढवला असता. तुम्हाला काय वाटले ते मी जाणतो. मास्तरांना आकडा दिला आहे, पुतण्या मास्तर आहे, पोलीस आणि नर्स घेऊन आला आहे. पोराने आकडा भरायला स्वतःचे गाव निवडले. तसे नाही, दोड्डप्पा. सिद्धरामेश्वराची शपथ.

परतीच्या गाडीत जोतीरामांनी वही काढून दोन्ही शेरे पुन्हा वाचले. नंतर म्हणाले, “सर, मंगळवारी तुमी गावचे न्हवता. आता तुमी बापाचे बी न्हाय. मी आनिक येकदा गेलो तर तुमी हाय का न्हाय ह्योच सवाल हुईल.” मग त्यांनी सांगितले की अहवाल उद्या सोमवारी दुपारी बारा वाजता साहेबांच्या टेबलावर जाईल. तोवर त्यांनी तो खिशात ठेवला आहे. बारानंतर तो मुंबईला जाणार, आणि एकदा गेला की माझा पासपोर्ट या जन्मी व्हायचा नाही.

आता तुम्हीच विचार करा. मी गेलो नाही तर विजयमाला जाणार नाही. सहलप्रमुखाशिवाय विद्यापीठ मुलांना पाठवणार नाही. अकरा मुलांनी टोचून घेतले, ताप काढला, एका कोटात फोटो काढले, आयांनी आत्तापासून कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचे डबे भरायला घेतले आहेत, ते सगळे माझ्या एका कागदासाठी अडणार. अकरा घरांचा प्रश्न आहे. माझे काय, मी कुठेही असलो तरी सारखाच. पण ते असो. मी केवळ तुमच्या पायाची चौकशी करावी म्हणून लिहायला बसलो होतो. पायाला तेल लावा, बांध जपून ओलांडा, दोड्डव्वाला नमस्कार सांगा.

तुमचा (हे हवालदारांना दाखवू नका) पुतण्या,
शिवयोगी

ता. क. उद्या पहिल्या गाडीने या. गावातले कोणीतरी एक जाणते माणूस बरोबर आणा. ठाण्यात बाराच्या आत पोहोचा आणि एवढेच सांगा की हा बसप्पाचा मुलगा, आमच्या गावचा. बाकी काही सांगू नका. तिथे कॅम्प नाही, डॉक्टर नाही, सुई नाही. मी कालच सगळ्या खोल्या बघून आलो आहे.

दुसरा ता. क. वर मी ‘अकरा घरांचा प्रश्न’ असे लिहिले आहे. ते खरे नाही. इतिहासाचे मानसिंगराव म्हणून एक प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडे तीन वर्षांपासून पासपोर्ट आहे. कुठे गेलेले नाहीत, पण तो शर्टाच्या खिशात ठेवतात, आणि स्टाफरूममध्ये वाकले की तो खाली पडतो. प्राचार्यांनी त्यांना परवाच विचारले आणि ते हो म्हणाले. रावजींनाही मी काल भेटलो. म्हणालो, मी आलो नाही तर? ते म्हणाले, “कुनीबी सर असला तरी चाललं की.” सोजरबाई म्हणाल्या, मानसिंगराव अंगानं दणकट हायती, त्येच बरे. म्हणजे सहल जाणार. मुले जाणार, मुली जाणार, भाकऱ्या जाणार. राहिलो तर मी एकटा राहणार.

तिसरा ता. क. हेही सांगून टाकतो. मी चौदा वर्षे भरती आणि ओहोटी फळ्यावर काढतो. निळ्या खडूने पाणी, पांढऱ्याने फेस. मुले वहीत उतरवून घेतात. मी समुद्र पाहिलेला नाही. हे सावित्रम्माला माहीत आहे, तुम्हाला आता कळले, तिसऱ्या कोणाला माहीत नाही. हा भाग मोठ्याने वाचू नका.

चौथा ता. क. सहाची गाडी आलीच नाही. कंट्रोलर म्हणतो, वळसंगच्या अलीकडे टायर गेला. पत्र हातात घेऊन परत आलो आहे.

सोमवार, ता. २२, सकाळी साडेदहा. पत्र मिळायच्या आधीच तुम्ही आलात. पहिल्या गाडीने, हवालदाराचे ठाणे माहीत असलेल्या कोतवालाला घेऊन, थेट ठाण्यात, जिथे मी सकाळपासून बसलो होतो. दोड्डव्वाने गंजीमागून माझा आवाज ओळखला आणि रात्री तुम्हाला जेवायला वाढले नाही, हे मला कोतवालाने सांगितले. ठाण्यात तुम्ही पटका काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, “ह्यो माज्या भावाचा पोरगा. माज्या हातचा वाढलेला.” कोतवालाने अंगठा दिला. मग साहेबांनी, सहज, अर्जाकडे पाहून विचारले, “बायको सावित्रम्मा, मुलं तीन?” तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, दाराकडे पाहिलेत, आणि म्हणालात, “लगीन व्हायचंय अजून त्येचं. ती बाई शेजारीन हाय. पोरं तिचीच.” जोतीरामांनी माझ्या घरी तिच्या हातचा चहा घेतलेला आहे. ते छताकडे पाहू लागले. साहेब म्हणाले की आपल्याला फक्त ओळख विचारली आहे, लग्न विचारलेले नाही, आणि त्यांनी सही केली. जुना अहवाल जोतीरामांनी माझ्यासमोर फाडला. नवा टपालात गेला. पासपोर्ट वीस तारखेच्या आत येईल की नाही ते मुंबईला माहीत.

तुम्ही घरी आला नाहीत. हवालदार मागून येईल आणि मुले पाहील म्हणालात. एस.टी. स्टँडवर चिंचेखाली बसला आहात आणि पोरांना एकेक करून पाठव, एकदम नको, असा निरोप दिला आहे. थोरला भेटून आला. मधली आत्ता परतली. तिच्या हातात तुम्ही दिलेल्या शेंगा आहेत. धाकटी पाच वर्षांची आहे, एकटी येऊ शकत नाही. तिला शेजारीण घेऊन येते आहे. हे पत्र तिच्याजवळ दिले आहे.